जाऊन सांगा

ताई स्वतःच्या हातांवर बसायच्या. खुर्ची ओढायची, टेकायचं, दोन्ही तळवे मांड्यांखाली सरकवायचे आणि समोर कॉम्प्युटरपाशी जो कुणी बसला असेल त्याला सांगायचं, "मी इथे नाहीच असं समजा. चालू द्या." समोरचा माणूस पाण्याचे जार पोचवणारा असो नाहीतर कंपनीचा मालक असो, वाक्य तेच. फक्त भाषा बदलायची. तो माणूस भलतीकडेच माउस न्यायला लागला की ताईंचे खांदे वर जायचे, मान पुढे यायची, ओठ दाताखाली जायचा, पण हात काही बाहेर यायचे नाहीत.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याचं काम नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. कलकत्त्यात सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हला आमची छोटीशी कंपनी आहे. आम्ही एक सॉफ्टवेअर बनवतो. एका ऑफिसातली दहा-वीस माणसं आपापल्या टेबलावरून एकाच वेळी त्यात नोंदी करू शकतात. कुणी मालाच्या नोंदी ठेवतं, कुणी पेशंटच्या, कुणी ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या. ते लिहिणारे आम्ही अकरा जण. आणि ते गिऱ्हाइकाला आम्हाला न बोलावता स्वतःचं स्वतः बसवता आलं पाहिजे, नवी आवृत्ती आली की जुनीच्या जागी चढवता आली पाहिजे, हे बघायला एकट्या ताई. लिहिणाऱ्यांचं कौतुक होतं. सेटअपचं, म्हणजे या बसवण्या-चढवण्याच्या कामाचं, कौतुक केलेलं मी तरी कुठे ऐकलेलं नाही.

आधीच सांगून टाकते, ताई आता नाहीत. यंदा दुर्गापूजेच्या पंधरा दिवस आधी गेल्या. मला अजून रडू आलेलं नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की गाल आपला राहत नाही, बोट लावलं तर दुसऱ्याच्या गालाला लावल्यासारखं वाटतं, तसं चाललंय. लोक विचारतात, ठीक आहेस ना? मी म्हणते, ठीक आहे. आणि असतेही ठीक. जेवते, झोपते, वेळेवर ऑफिसला जाते. माझी मलाच कधीकधी चीड येते. म्हणून हे लिहायला घेतलं.

नवऱ्याची नोकरी न्यू टाउनला आली म्हणून मी कलकत्त्यात आले. आमच्या ऑफिसात सगळे बंगाली, दोन बिहारचे. पहिल्या दिवशी हजेरीत माझं आडनाव वाचून पन्नाशीच्या एक बाई माझ्या टेबलापाशी आल्या. करड्या केसांचा घट्ट अंबाडा, सुती साडी, चष्मा डोक्यावर. मला वाटलं, बंगालीत काहीतरी विचारणार, म्हणून मी अवघडून उभी राहिले. त्या म्हणाल्या, "चहा खाशील?"

ताईंच्या तीन पिढ्या इथल्या. आजोबा खिदिरपूरच्या गोदीत नोकरीला म्हणून आले ते इथलेच झाले. ताईंचा जन्म भवानीपूरचा, शाळा बंगाली, आकडे मोजणं बंगालीत, रागावणं हिंदीत. मराठी फक्त घरात, आणि घरात म्हणजे आईशी. इथे चहा पितात असं कुणी म्हणतच नाही, खातात, त्यामुळे ताई मराठीतही चहा खायच्या. त्यांचं लग्न झालं नव्हतं. आई जाऊन चार वर्षं झाली होती. मी आल्यावर आठवड्याभराने त्या म्हणाल्या होत्या, की तोंडातल्या तोंडात मराठी बोलायची सवय लागली होती, आता जरा मोठ्याने बोलते. तेव्हा मी हसले होते. बाकी सगळे त्यांना दिदी म्हणायचे, मी ताई म्हणायला लागले. देवनागरी त्यांना वाचता यायची, लिहायला मात्र वेळ लागायचा, म्हणून मला निरोप धाडायचा तर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायच्या. त्यांचं ते स्पेलिंग वाचणं ही वेगळीच मेहनत असायची.

आता त्यांची कामाची तऱ्हा सांगते. नवी आवृत्ती तयार झाली की ताई ती आम्हाला तपासू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, तुम्हाला सगळं येतं, तुमचा काय उपयोग? मग कॉम्प्युटरशी फारसा संबंध नसलेलं माणूस शोधून आणायच्या. पाण्याच्या जारवाल्याला आणलं होतं. खालच्या मजल्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या बायकोला आणलं होतं. त्यांना खुर्चीत बसवायचं, पुढ्यात मिष्टी, म्हणजे मिठाई, ठेवायची, आणि आपण हातांवर बसायचं. तो माणूस जिथे अडेल तिथे ताई काही सांगायच्या नाहीत. तो उठून गेल्यावर वहीत लिहायच्या, अमुक पडद्यावर इतका वेळ थांबला. मग दोन दिवस त्या एका पडद्यामागे लागायच्या.

माझी आई साताऱ्याहून महिनाभर आली होती, तेव्हा ताईंनी तिलाही सोडलं नाही. आई प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली. इंग्रजी वाचते, पण एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचावं तशी. सगळं ठीक चाललं होतं. मग पडद्याने विचारलं, की ही फाइल कुठे ठेवायची, जागा निवडा. आईने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाली, "अहो, यांच्या घरात कुठे काय ठेवतात ते मला कसं माहीत असणार? ठेवणाऱ्याने ठेवावं ना." मी तर हसून लोळायची बाकी राहिले. ताई हसल्या नाहीत. आई घरी गेल्यावर म्हणाल्या, "बरोबर बोलल्या त्या. पाहुण्याला असं विचारतात का?" आणि तो पडदाच काढून टाकला. गेली चार वर्षं आमचं सॉफ्टवेअर ते विचारत नाही, आपापलं जागेवर जाऊन बसतं.

टेबलावर एक जुना फोन होता. नवी आवृत्ती बाहेर गेली की पुढचे आठ दिवस ताई त्या फोनकडे बघत बसायच्या. तो वाजला नाही की खूश. मी एकदा म्हटलं, ताई, लोक फोन यावा म्हणून वाट बघतात. त्या म्हणाल्या, माझ्याकडे फोन येतो तो काहीतरी बिघडल्यावरच. तरी फोन आला की कधी कावल्या नाहीत. समोरचा कितीही चुकीचं करून बसलेला असो, आधी म्हणायच्या, तुमचं काही चुकलं नाही. फोन ठेवून मग आमच्याकडे वळून हिंदीत झाडायच्या.

खिदिरपूरचं मात्र मी विसरणार नाही. तिथे गोदीजवळ कस्टमची कागदपत्रं करून देणाऱ्या एका एजंटचं ऑफिस आहे, आमचं फार जुनं गिऱ्हाईक. सात टेबलं, सात कॉम्प्युटर, आणि सगळ्यांत म्हातारे एक हेडक्लार्क, त्यांना सगळे बाबू म्हणतात. मी नवी होते तेव्हा ताई मला तिथे घेऊन गेल्या होत्या. नवी आवृत्ती चढवायची होती.

यातली एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. वहीचे रकाने बदलायचे असतील तर त्या वेळी त्या वहीत कुणी लिहीत असता कामा नये. आमच्या सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. नवी आवृत्ती चढवायची तर सगळ्यांनी आपलं काम जपून ठेवून बाहेर पडायचं. कुणी आत राहिलं तर त्याने लिहिलेलं, पण अजून जपून न ठेवलेलं, सगळं जातं. तेव्हा आमचा सेटअप फक्त विचारायचा, सगळे बाहेर पडले का? आणि चढवणारा म्हणायचा, हो.

चढवायला बसलेल्या तिथल्या एका कारकुनाने सगळीकडे नजर फिरवली. सहा माणसं हात झटकून उभी. बाबू कस्टममध्ये कागद घेऊन गेलेले, आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर गमछा, म्हणजे पातळ पंचा, पसरलेला. धूळ बसू नये म्हणून बाबू खुर्चीवरून उठले की पडद्यावर गमछा टाकून जात. त्या ऑफिसात गमछा टाकलेला म्हणजे कॉम्प्युटर बंद, असं सगळे धरून चालत. कुणी उचलून बघितलं नाही. मीही नाही, ताईंनीही नाही. नवी आवृत्ती छान चढली. अर्ध्या तासाने बाबू आले, गमछा उचलला, आणि पडदा कोरा.

सकाळपासूनच्या नोंदी होत्या. एका जहाजाचा सगळा माल.  बाबूंनी गमछा घडी करून खांद्यावर टाकला, कपाटातून कागदांचा गठ्ठा काढला आणि पहिल्यापासून टाइप करायला लागले. दोन बोटांनी. मला वाटलं आता ताई माफी मागतील, आम्ही निघू. ताईंनी खुर्ची ओढली, बाबूंच्या शेजारी बसल्या, कागद स्वतःच्या हातात घेतले आणि एकेक ओळ वाचून दाखवायला लागल्या. पाच वाजेपर्यंत त्या वाचत होत्या आणि बाबू टाइप करत होते.  मी बाजूला उभी राहून कंटाळले, हे खरं.

परत येताना बसमध्ये ताई म्हणाल्या, "मी विचारलं, सगळे बाहेर पडले का. असं विचारून काय उपयोग? कोण आत आहे ते मीच सांगायला हवं होतं."

त्यानंतर त्यांनी तो पडदा केला. आजही आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो आहे. नवी आवृत्ती चढवायला गेलात आणि कुणी आत असलं, तर पडद्यावर त्या माणसाचं नाव येतं, टेबल कुठलं ते येतं, आणि खाली एक ओळ. अमुक अजून आत आहेत. त्यांना जाऊन सांगा. पडद्यावर हे इंग्रजीत आणि बंगालीत असतं, मी इथे मराठीत सांगते आहे. ते माणूस आपण होऊन बाहेर पडेपर्यंत पुढे काही होत नाही. फोन करा असंही ताईंनी लिहिलं नाही. जाऊन सांगा. मी विचारलं, का हो ताई, फोनवर सांगितलं तर काय बिघडलं? तर म्हणाल्या, फोनवर माणूस हो म्हणतो आणि विसरतो. शेजारी जाऊन उभं राहिलं की उठतो.

यावर आमचे वाद व्हायचे. बाकीच्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ एक बटण असतं, दाबलं की आतला माणूस बाहेर. काहींत तर दहा मिनिटं हालचाल नसली की आपोआप बाहेर. ताईंना दोन्ही नको होतं. म्हणायच्या, माणूस जेवायला गेला म्हणून त्याला घालवून द्यायचं का? मी म्हणायचे, ताई, मोठ्या ऑफिसात दोनशे माणसं असतात, तीन मजल्यांवर. कोण कुणाकडे जाऊन सांगणार? त्या म्हणायच्या, मग जिने चढा. हट्टी बाई होत्या. मला त्यांचं पटत नव्हतं आणि, खोटं कशाला सांगू, आजही पूर्ण पटत नाही.

या वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकाने तेच मागितलं. त्यांच्याकडे एक बाई सुट्टीवर गेल्या होत्या, कॉम्प्युटर चालू ठेवून आणि खोलीला कुलूप लावून. नवी आवृत्ती दोन दिवस अडून बसली. ते बटण द्या, नाहीतर आम्ही दुसरं काही बघतो, असं त्यांनी कळवलं. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, दिदी हे करणार नाहीत, तू कर. आणि त्यांना आत्ताच सांगू नकोस, मी सांगेन माझ्या पद्धतीने.

मी हो म्हटलं. कुणी बळजबरी केली नव्हती. मला ते बटण हवंच होतं, आणि ते माझ्या हातून होणार याचा थोडा आनंदही झाला होता. तीन आठवडे मी ते लिहीत होते, ताईंपासून चार टेबलांवर बसून. त्या आल्या की पडद्यावरची खिडकी बदलायचे. चहा खायला हाक मारली तर काम आहे म्हणायचे. त्यांच्या पडद्यावर, त्यांच्या त्या ओळीच्या खाली, मी एक लाल बटण केलं. काढून टाका.

मालकांनी त्यांना सांगितलं नाही. मी रोज ठरवायचे, आज आपणच जाऊन सांगू. काय सांगायचं तेही ठरलेलं होतं. ताई, ते बटण मी लिहिलंय, तुम्हाला न विचारता. एवढंच. चार टेबलं ओलांडायची होती.

एका शुक्रवारी दुपारी, डबे उघडायच्या वेळेला, ताई खुर्चीतून उठल्या आणि परत बसल्या. चेहरा घामाने भिजलेला. म्हणाल्या, गॅस झालाय, सकाळचा चहा बाधला. मालकांनी गाडी काढायला लावली. मी दरवाजापर्यंत गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सगळं तसंच राहू दे. मी सोमवारी येते."

गॅस नव्हता, हार्ट होतं. बायपास रस्त्यावरच्या हॉस्पिटलात नऊ दिवस होत्या. ऑफिसातले सगळे आळीपाळीने जाऊन आले. एका वेळी एकालाच सोडायचे, तेही पाच मिनिटं. सगळ्यांना त्यांनी विचारलं म्हणे, फोन वाजतोय का? मी एकदा निघाले होते. बसने हॉस्पिटलच्या स्टॉपपर्यंत गेले, उतरले, समोरच्या दुकानातून संत्री घेतली. मग मनात आलं, आजारी माणसाला हे सांगायचं का? आणि न सांगता पाच मिनिटं बसून करायचं काय? संत्री घेऊन परत आले. बऱ्या झाल्या की सांगू म्हटलं. नवऱ्याने विचारलं, कशा आहेत? मी म्हटलं, बऱ्या आहेत. ती संत्री आम्ही दोघांनी खाल्ली.

दहाव्या दिवशी सकाळी मालकांचा फोन आला. मी कपड्यांना इस्त्री करत होते. ऐकलं, फोन ठेवला आणि राहिलेली बाही पूर्ण केली. स्मशानात गेले, तिथे सगळ्या बायका डोळे पुसत होत्या, मी रजनीगंधाचा हार कुठे ठेवायचा ते विचारत होते. ऑफिसात फोटो लावला, उदबत्ती लावली, दोन मिनिटं उभे राहिलो. मी मनात त्या दिवसाच्या कामांची यादी करत होते. वाईट वाटत होतं का? काहीच वाटत नव्हतं. ते सांगायला लाज वाटते, एवढंच.

ताईंच्या टेबलाला कुणी हात लावला नाही. कुणी तसं ठरवलं नव्हतं. खिडकीजवळचं टेबल, एसीमुळे पाठीवर घ्यायची शाल खुर्चीला, चष्म्याचं घर, वही, फोन. लोक तिकडून जाताना थोडं लांबून जायचे.

पूजा झाली. ऑफिस उघडलं. नवी आवृत्ती बाहेर पाठवायची वेळ आली, बटणासकट. गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी ती पहिली आमच्याच ऑफिसात चढवायची, हा ताईंनी घातलेला नियम. आमच्या कामाची नोंदवही आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. कुठलं काम कुणी केलं, कुणी तपासलं, काय शेरा दिला, सगळं त्यात लिहितो. चढवायचं काम आता माझ्याकडे आलं होतं.

मी सगळ्यांना बाहेर पडायला सांगितलं. दहा जणांनी एकेक करून सांगितलं, पडलो. मी सेटअप चालू केला. पडदा आला.

ताईंचं पूर्ण नाव, आडनावासकट. टेबल, खिडकीजवळचं. अजून आत आहेत. त्यांना जाऊन सांगा.

आणि खाली माझं लाल बटण.

सगळे माझ्या मागे येऊन उभे होते.  त्या शुक्रवारपासून तो कॉम्प्युटर तसाच चालू होता. आमच्याकडे यूपीएस आहे, वीज गेली तरी बंद पडत नाही, आणि काही हालचाल नाही म्हणून माणसाला बाहेर घालवायचं नाही, हे ताईंनीच ठरवलेलं. मालक केबिनच्या दारात आले होते. ते हळूच म्हणाले, "बटण आहे ना. दाब."

मी दाबणारच होते. उगाच मोठेपणा सांगत नाही. माउस बटणावर नेलाही होता. पण सहा वर्षं तो पडदा आला की उठायचं, जायचं आणि सांगायचं, ही पायांना सवय लागलेली. मी उठले. चार टेबलं ओलांडली.

शाल बाजूला केली नाही, तिच्यावरच टेकले. माउस हलवला. पडदा उजळला. नोंदवहीचं पान उघडं होतं, शुक्रवारची दुपार. काम या रकान्यात लिहिलं होतं, बाहेर काढायचं बटण. कुणी केलं या रकान्यात माझं नाव होतं. मी तिथे माझं नाव कधीच घातलेलं नव्हतं. तपासलं या रकान्यात ताईंचं. आणि शेऱ्यात त्यांच्या त्या इंग्रजी अक्षरांतलं मराठी, ऑफिसातल्या दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही असं. मला वाचायला वेळ लागला.

बटण तपासलं. नीट चालतं. तुझ्यासारखंच लिहिलंयस, घाईघाईने पण बरोबर. शब्द मात्र फार तोडून टाकणारे आहेत. तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही, दोघींचंही चुकलं. सोमवारी चहा खाऊ आणि बसून शब्द बदलू.

जपून ठेवा हे बटण दाबायचं राहिलं होतं. त्याच वेळी त्यांना घाम आला असणार. मी माझ्या जागेवरून लाल बटण दाबलं असतं तर ते गेलं असतं आणि मला कळलंही नसतं.

मी ते जपून ठेवलं. एकदा दाबलं, मग खात्री म्हणून पान परत उघडून बघितलं. होतं. मग म्हटलं, "ताई, नवी आवृत्ती चढवायची आहे, बाहेर पडा. आणि ते बटण मी लिहिलंय, तुम्हाला न विचारता." मराठीत म्हटलं, त्यामुळे मागे कुणाला कळलं नसावं. आणि त्यांच्या नावाने बाहेर पडले.

माझ्या टेबलापाशी परत आले तेव्हा पडद्यावरून त्यांचं नाव गेलं होतं. आत कुणी नाही, पुढे जा, असं आलं होतं. मालक म्हणाले, चला. 'पुढे जा'वर टिचकी मारायची तेवढीच राहिली होती. मी दोन्ही तळवे मांड्यांखाली घातले आणि शेजारच्याला म्हटलं, तू मार. त्याने मारली. हिरवी पट्टी सावकाश भरत गेली, सगळे आपापल्या जागेवर गेले, कुणीतरी चहा मागवला. मी तशीच बसून राहिले. बऱ्याच वेळाने हातांना मुंग्या आल्या.